येताना हात उचलायचा

परवा दुपारी कॉलेजच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीचा मीटर काळा पडला. आकडे नाहीत, पेट्रोल किती ते नाही, नुसती शाई सांडल्यासारखी काच. प्रॅक्टिकलच्या परीक्षा आटोपून मी बाहेर आले होते, डोक्यातोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, उन्हाने सीटला हात लावायची सोय नव्हती. चौकीदाराने वाकून पाहिलं आणि मीटर गेला म्हणून सांगून टाकलं. मी म्हटलं, गेला नाही, सावलीत लावली की येईल. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती फिजिक्सच्या बाईला नवी नाही. गाडी कडुनिंबाखाली ढकलून मी अर्धा तास उभी राहिले. आधी कडेची एक रेघ आली, मग एक शून्य, मग सगळेच आकडे आपापल्या जागी येऊन बसले. चौकीदार खूश झाला. मला मात्र बाबा आठवले, आणि घरी कपाटात वरच्या खणात ठेवलेला बिस्किटांचा जुना डबा आठवला.

त्या डब्यात काचेच्या दोन छोट्या पट्ट्या आहेत. बाबांनी स्वतःच्या हाताने घासलेल्या, त्यांच्या हातच्या उरलेल्या शेवटच्या. त्यांच्यात बाबांचा हात अजून आहे की नाही, हे मी इतक्या वर्षांत कधी तपासलं नव्हतं. तपासायचं म्हणजे त्या वापरायच्या, आणि वापरल्या की उरल्या कुठे? शिवाय काही निघालंच नाही तर काय, ही भीती होतीच. झाकली मूठ झाकलीच बरी, असं करत दिवस ढकलले.

मीटरच्या काचेत खरं तर दोन काचा असतात आणि त्यांच्या मधल्या फटीत एक द्रव असतो. पाण्यासारखाच वाहतो, पण पाण्याचे रेणू जसे कुठेही तोंड करून असतात तसे याचे नसतात. याचे रेणू लांबट असतात आणि शेजारच्याकडे पाहून सगळे एकाच दिशेला आडवे होतात. म्हणून प्रकाश त्यातून या अंगाने गेला तर एक वागतो, त्या अंगाने गेला तर दुसरं. लिक्विड क्रिस्टल म्हणतात त्याला. जरा दुधाळ दिसतो. मात्र त्याला ठरावीक मर्यादेपलीकडे तापवला की शिस्त मोडते, रेणू सैरभैर होतात आणि द्रव एकदम नितळ होतो. आपल्याला नितळ म्हणजे चांगलं वाटतं. इथे नितळ झालं की समजायचं, दिशा गेली; मग मीटरवरच्या किंवा सूक्ष्मदर्शकातल्या प्रकाश गाळणाऱ्या पट्ट्यांतून काहीच पार येत नाही आणि सगळं काळं दिसतं.

प्रत्येक द्रवाची ही मर्यादा वेगळी. गाडीच्या मीटरमधला बिचारा बरंच सोसतो. मी पीएचडीला ज्यावर काम करत होते त्याची मर्यादा होती पस्तीस अंश. नागपूरच्या माणसाला हे ऐकून हसू यायला हवं. पस्तीस अंशांना आमच्याकडे लोक हवा बरी आहे म्हणतात.

पंचवीसेक वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. होळी झाली आणि सकाळी दहाला माझा द्रव नितळ व्हायला लागला. एप्रिलमध्ये नऊला. प्रयोगशाळेत एक कूलर होता, त्यात दर शनिवारी नवा वाळा भरायचा, पण दुपारी लाइन गेली की कूलर थांबायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळं काळं. माझ्या सरांनी मग नियमच केला की काम पहाटे साडेपाचला सुरू आणि नऊला बंद. उरलेला दिवस वाचायचं आणि पन्हं प्यायचं. त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे: ओल्या वाळ्याचा, स्पिरिटचा, आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबाच्या मोहराचा. नऊ वाजता मी उन्हात बाहेर पडायचे तेव्हा रस्त्यावर कावळासुद्धा नसे.

आम्ही लकडगंजला राहायचो. चहूकडे लाकूड कापायच्या आरामशिनी. त्यांच्या करकरीत माझं लहानपण गेलं. लाकूड नसेच्या बाजूने एका घावात फाटतं आणि आडवं तोडायला घाम निघतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. पुढे त्याला अ‍ॅनायसोट्रॉपी म्हणतात हे कळलं तेव्हा एवढ्याशा गोष्टीला एवढं मोठं नाव, असं वाटलं. बाबा तिथून सायकलने गांधीबागेत जात. कापडाच्या एका दुकानात ते तीस वर्षं गादीवर होते, मखमल आणि साटीन त्यांच्याकडे. हातात मीटरपट्टी आणि कानामागे पेन्सिल. घरी फार बोलत नसत. कापडाशी दिवसभर बोलून थकत असावेत.

त्याच वर्षी त्यांचं दुकान सुटलं. काचबिंदू होता. कडेकडेने दिसणं कमी होत गेलं आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एका बाईला त्यांनी काळी म्हणून गर्द जांभळी मखमल फाडून दिली, तेव्हा मालकाच्या लक्षात आलं. मालक भला माणूस, घरी येऊन आईशी बोलून गेला. बाबांनी फक्त मान हलवली. मग ते खाटेवर बसून राहू लागले. त्यांचा उजवा हात चादरीवरून फिरत राहायचा, डावीकडून उजवीकडे, एकसारखा. आई म्हणायची, चादर झिजवतील हे. मला ते पाहवत नसे, म्हणून मी पहाटे लवकर निघायचे. द्रव तापतो हे कारण होतंच, पण हेही होतं.

प्रयोगशाळेत माझं काही नीट चाललं नव्हतं. द्रवाच्या रेणूंना दिशा देते ती काच. काचेवर पॉलिमरचा एक न दिसणारा थर देऊन ती भट्टीत भाजायची, मग मखमल गुंडाळलेला लाकडी ठोकळा तिच्यावरून फिरवायचा. त्या घासण्याने थराला दिशा येते आणि रेणू ती धरून निजतात. एवढंच नाही, तर प्रत्येक रेणू एका टोकाने किंचित मान वर करून निजतो, आणि कोणतं टोक वर ते हात कुठून कुठे गेला त्यावर ठरतं. सगळं जग मखमलच वापरतं. माझ्या काचा वरवर ठीक दिसायच्या, पण वीज दिली की अर्धे रेणू या बाजूने उठत, अर्धे त्या बाजूने, आणि मध्ये धाग्यांसारख्या वेड्यावाकड्या रेघा पडत. दोन महिने हेच. सर रागावत नसत, फक्त चष्मा काढून पुसत, आणि ते जास्त लागायचं. त्या वर्षी काम उभं राहिलं नसतं तर माझी शिष्यवृत्ती बंद होणार होती.

एका संध्याकाळी जेवताना मी आईला हे सांगत होते. रडतच होते खरं तर. बाबांनी विचारलं, कापड कोणतं? मी पिशवीतून मखमलीचा तुकडा आणि ठोकळा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला, मग उलटा फिरवला, आणि मला म्हणाले, करून दाखव. मी ताट बाजूला सारून पाटावर करून दाखवलं. त्यांना फारसं दिसत नव्हतं, पण आवाज ऐकत असावेत.

"काहून मागं-पुढं करून राहिली?" ते म्हणाले. "ते काय पाटी हाये पुसाले? मखमलीले लव असते वं. जातानी टेकवाचं, येतानी हात उचलाचा."

एवढीच चूक होती माझी. मी काच पुसत होते. लहानपणापासून काच म्हटली की पुसायची, हे हातात बसलेलं. आमच्या घरात कंदिलाची काच पुसण्यात मी पटाईत होते, आणि तोच हात घेऊन मी संशोधनाला गेले होते. सरांनी वहीत 'एकाच दिशेने' लिहून दिलं होतं, मीही तसंच करते आहे असं समजत होते, पण परत येताना ठोकळा काचेला चाटून येत होता. रेणूंना बिचाऱ्यांना निम्मे इकडचे निम्मे तिकडचे व्हावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाबांना घेऊन गेले. सरांना वाटलं, वडील प्रयोगशाळा पाहायला आले. बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या, हात धुतले, आणि स्टुलावर बसून ठोकळ्याची मखमल काढून पुन्हा आपल्या पद्धतीने ताणून बांधली. मग पहिल्या काचेवरून हात नेला आणि उचलला, नेला आणि उचलला. वीस वेळा. मग दुसऱ्या काचेवरूनही तसंच. वजन तेच, वेग तोच, उचलायची जागा तीच. तीस वर्षं गिऱ्हाइकासमोर मखमलीचं ठाण उलगडून लव बसवत आलेला हात होता तो. डोळे खिडकीकडे होते. मी त्या दोन काचा समोरासमोर लावून द्रव भरला, वीज दिली, आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं. एकही रेघ नव्हती. सगळं क्षेत्र एकाच रंगाचं, एकाच वेळी उजळणारं, एकाच वेळी मावळणारं. मी सरांना बोलावलं. सरांनी पाहिलं, चष्मा न पुसता पुन्हा पाहिलं, आणि बाबांना चहा मागवला.

मेअखेरच्या नवतप्यापर्यंत, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांपर्यंत, बाबा रोज माझ्याबरोबर आले. पाचची बस, डोक्याला पांढरा शेला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. काम झालं की विचारायचे, काय दिसून राहिलं? पहिल्या दिवशी मी म्हटलं, हिरवट निळं. ते अस्वस्थ झाले. हिरवट निळं म्हणजे काय? मोरपंखी का चिंतामणी? गर्द का फिकं? मग मी तशीच सांगायला शिकले: आज राणी आहे, कडेला बदामी आहे, गरम होतंय तसं पोपटी फिकं पडतंय. ते डोळे मिटून ऐकत. मला वाटतं, मला दिसत होतं त्याहून जास्त त्यांना दिसत असावं. नऊच्या सुमारास मी सांगायचे, गेलं बाबा, काळं झालं. ते म्हणायचे, उद्या रंग येईन परत. कारण एवढं त्यांना कळलं होतं की द्रव निवला की पुन्हा त्याच दिशेने निजतो. द्रवाला काही लक्षात राहत नाही, काचेला राहतं.

घरी त्यांचा हात चादरीवरून फिरायचा थांबला होता. आई देवाला साखर ठेवायची.

पुढे प्रबंध झाला. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. लिहिताना मी सरांना विचारलं होतं की काचांच्या प्रकरणात बाबांचं नाव घालू का. सर म्हणाले, तसं कोणी घालत नाही, आभारात आईवडील येतातच. मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बाहेरच्या परीक्षकाने विचारलं असतं की या काचा कोणी केल्या, तर कापडाच्या दुकानातल्या आंधळ्या होत चाललेल्या माणसाने केल्या, हे सांगायची मला लाज वाटत होती. इतक्या वर्षांनी हे लिहितानाही हात जड होतो आहे, पण होती लाज, हे खरं आहे.

प्रबंध घरी आणला तेव्हा बाबांना काहीच दिसत नव्हतं. त्यांनी तो मांडीवर घेऊन बांधणीच्या कापडावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, वाच. मी आभाराचं पान मराठीत करून वाचलं. आईवडिलांच्या आशीर्वादाशिवाय हे काम पूर्ण झालं नसतं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

"आशीर्वाद तं सगळेच मायबाप देतेत," ते म्हणाले. "अन् काचेचं कुठं लिहिलं?"

मी ते पान काढलं. काचा हाताने, मखमलीने, एकाच दिशेने घासल्या, एवढं एक वाक्य होतं. तेवढंच वाचलं. मी वाट पाहत होते की ते विचारतील, कोणाच्या हाताने. त्यांनी विचारलं नाही. बरोबर लिहिलं म्हणाले, एकाच बाजूनं. आणि त्यांचा हात प्रबंधाच्या पुठ्ठ्यावरून एकदा गेला आणि उचलला गेला. त्यानंतर चार वर्षांनी ते गेले. मी नाव घालायला हवं होतं हे मला त्याच क्षणी कळलं होतं, चार वर्षं मी ते त्यांना सांगू शकले असते, आणि सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यातली एक जोडी जोडायची राहून गेली होती. ती मी पातळ कागदात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवली. लग्नानंतर तो डबा माझ्याबरोबर गेला, मुलीच्या जन्मानंतरही होता, आई माझ्याकडे राहायला आल्यावर तिच्या कपाटात गेला. नुसत्या डोळ्यांना त्या काचा म्हणजे काचाच. काही लिहिलेलं नाही, ओरखडा नाही.

परवा घरी आल्यावर मी डबा काढला. आई कूलरसमोर ज्वारीचे पापड एकावर एक रचत बसली होती. मी कागद उलगडला आणि काचा उजेडाला धरल्या. लख्ख होत्या. इतक्या लख्ख असायचं काही कारण नव्हतं.

"मी दिवाळीत पुसून ठेवल्या वं त्या," आई म्हणाली. "बहुत धूळ होती. पदराच्या शेवानं पुसल्या, नरम हातानं."

मी तिला काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. तुले कोणं सांगितलं होतं हात लावाले, इथून सुरुवात झाली. बाबांचं एवढंच उरलं होतं आणि तू तेही पुसलंस, इथपर्यंत गेले. ऐंशी ओलांडलेली बाई. ती पापड तसेच टाकून आत जाऊन बसली. तिला बिचारीला त्या काचांमध्ये काय आहे हे मी कधी सांगितलंच नव्हतं. बाबांनीही नव्हतं सांगितलं. ते घरी येऊन फक्त काम झालं म्हणायचे. चूक तरी कसली, घरात काच दिसली की पुसायची हे मी तिच्याचकडून शिकले होते. संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, आता काहीच नसन का त्याच्यात? मी म्हटलं, पाहू.

काल पहाटे मी तिला कॉलेजात घेऊन गेले. बाबांना घेऊन गेले होते तशीच, रस्ते रिकामे, हवा त्यातल्या त्यात गार. आईनेही चपला दाराबाहेर काढल्या. सरांनी निवृत्त होताना दिलेली द्रवाची छोटी बाटली फ्रिजमध्ये होती. काचा समोरासमोर लावल्या, कडेला थेंब टेकवला, आणि द्रव हळूहळू आत ओढला गेला. एवढ्या वर्षांच्या नागपूरच्या उन्हाने आणि आईच्या पदराने काही ठेवलं असेल, असं मला वाटत नव्हतं.

पाहिलं. मोरपंखी. गर्द, सगळीकडे एकसारखा. आणि त्याच्यावरून, पाण्यात बोट फिरवावं तशी दोन-तीन वळणं, जरा फिक्या रंगाची. मी काच फिरवत नेली. मोरपंखी एकसाथ मावळलं आणि ती वळणं तेवढी उजळ राहिली. जिथे आईचा हात दाबला गेला होता तिथे रेणूंनी तिचं ऐकलं होतं. बाकी सगळे अजून बाबांचं ऐकत होते.

मी स्टूल ओढून आईला बसवलं. तिचा मोतीबिंदू काढलेला आहे, चांगलं दिसतं. बराच वेळ ती डोळा लावून होती. मग म्हणाली, "हे वाकडं माह्यं?"

मी हो म्हटलं.

"अन् हे सरळ त्याहीचं, तुह्या बाबाचं."

ती उठायला तयार नव्हती. मीही उठवलं नाही. पूर्वेच्या खिडकीतून ऊन टेबलावर चढत आलं, आणि नऊच्या आधीच व्हायचं ते झालं. आई दचकून मागे सरली आणि म्हणाली, "मिटलं वं. मी तं हातबी नाही लावला." मी काच उचलून पातळ पिशवीत घातली, कोपऱ्यातल्या माठाला चिकटवून धरली, शंभर आकडे मोजले आणि परत ठेवली. मोरपंखी आलं, वळणंही आली, जिथली तिथे. आईने पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मला म्हणाली, ते रोज जात होते, मले एकदाबी नाही नेलं.

दुपारी घरी आल्यावर मी प्रबंध काढला. बांधणीचं काळं कापड आता तपकिरी झालं आहे. ते पान उघडलं, ते वाक्य सापडलं, आणि शाईच्या पेनाने समासात लिहिलं: या काचा माझे वडील नारायणराव यांनी घासल्या. मखमलीचं काम त्यांना येत होतं, मला येत नव्हतं. खाली त्या उन्हाळ्याचं वर्ष घातलं. मग जरा थांबून हेही लिहिलं की शेवटच्या जोडीवर आईचाही हात आहे.

कूलर चालू होता. आई पुन्हा पापडांशी बसली होती. काय लिहून राहिली, तिने विचारलं. मी मराठीतच लिहिलं होतं, ते वाचून दाखवलं. तिने हातातला पापड खाली ठेवला.

"चांगलं लिहिलं," ती म्हणाली. "पण आता त्याहीले कोण वाचून दाखवन वं?"